तो, ती, तां

फहाहीलला सकाळी सातला
रात्रपाळीची बस आम्हाला दारात सोडते तेव्हा
रिफायनरीची ज्योत उन्हात फिकी पडलेली असते.
मी बूट काढते, पाय बादलीत सोडते
आणि मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून
जर्मन शिकते.

पडद्यावरच्या बाई फ्राऊ एबरहार्ट.
त्यांच्यामागे खिडकी, खिडकीत लाल फुलांची कुंडी,
आणि कुणीच कधी न मोडलेला रविवार.
त्या सांगतात, रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही.
रिकामी बाटली दुकानात परत दिली की पैसे मिळतात.
रात्रीचं जेवण थंडच: पाव, चीज, काकडी.
"आणि कढी?" जिन्सी खाटेवरून विचारते.
मी तिला गप्प करते,
पण प्रश्न बरोबर आहे.

जिन्सीला देअर, डी, दास काही केल्या उमगत नाही.
"टेबल पुरुष कसं? त्याला मिशा आहेत का?"
आमच्याकडे तर खुर्ची बाई, पंखा बाप्या,
आणि स्टूल दोन्ही नव्हे.
यात विशेष काय?

तरी सूर्यापाशी मी अडले.
डी झोनं. सूर्य ती.
खिडकीबाहेर पाहिलं:
सकाळी सकाळी गच्चीवरच्या टाक्या तापवायला घेतलेली,
गार पाण्याच्या नळातून वाफ सोडणारी,
जुलैत रस्त्यावरच्या माणसाला सावलीसकट गिळणारी.
चिडलेली हेडनर्सच ही.
ती. पाठ झालं.

मग तुटणाऱ्या क्रियापदांचा धडा.
'फोन करणे' हा त्यांचा एकच शब्द,
पण वाक्यात घातला की त्याचं डोकं
उडून पार शेवटी जाऊन बसतं.
इश रूफं दिश आन.
मी इथे, मग तू, आणि पलीकडे तो उरलेला तुकडा.
तो ऐकू येईपर्यंत वाक्याचा भरवसा नाही.
नियम मी एकदाच वाचला.
आठ वर्षं घरापासून लांब राहिलेल्या बाईला
तो दोनदा वाचावा लागत नाही.

आणि दास मेटशेन.
मुलगी: ना तो, ना ती.
मारिसेल म्हणाली, हा तर अपमान आहे.
मला मात्र कुडाळचं अंगण ऐकू आलं,
"तां चेडू खंय गेलां?"
शाळेत बाईंनी पट्टी मारून सुधारलेलं ते तां,
मुलाखतीत जिभेखाली लपवलेलं ते तां
जर्मनांनी व्याकरणात छापून ठेवलंय.

गेल्या मंगळवारी दोन पाळ्या लागोपाठ लागल्या.
सतरा नंबरचा पेशंट गेला.
त्याचा मुलगा अजून विमानात होता.
खोलीवर आले ती बुटांसकट झोपले.
जाग आली तेव्हा तारीख उलटली होती
आणि एकशे बारा दिवसांची माझी माळ
तुटलीच असणार.

उघडून पाहिलं. एकशे तेरा.
कुणीतरी माझ्या नावाने धडा सोडवला होता.
तीन चुका, तिन्ही एकाच शब्दावर.
चौथ्यांदा बरोबर: दास.

पासवर्ड शर्वाणीच्या वाढदिवसाचाच आहे.
मी फोन लावला.
"तू केलंस?"
पलीकडे चमचा ताटलीवर वाजला.
"माळ तुटली असती तर तू परत पहिल्यापासून सुरू केलं असतंस,
मग परीक्षा पुढे, मग सगळंच पुढे."
अकरा वर्षांची आहे. हिशेब पक्का.
मग तोंडात घास घेऊनच,
"आई, ते लोक मुलीला ते का म्हणतात?"

"आपणही म्हणतो."
"आपण कुठे?"
"शाळेत नाही शिकवत. म्हण,
आमचां चेडू."

तिने म्हटलं,
फ्राऊ एबरहार्टसारखं, अक्षर अक्षर तोडून,
परक्या भाषेतलं वाक्य म्हणतात तसं.
मी सुधारलं.

दुसऱ्यांदा बरोबर.